कुंपणापलीकडचा उपवास

माझी बायको गेली तेव्हा रविवार होता. सकाळी तिने चहा केला. मुलीची वेणी घातली. जिना चढताना ती थांबली, भिंतीला हात लावला आणि पायरीवर बसली. मी अँब्युलन्सला फोन केला. अँब्युलन्स आली. बरोबर कुणाला येता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलगी दारात उभी होती. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. जून होता, साल २०२०.

तिच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली होती. साथीशी त्याचा संबंध नव्हता, पण साथीचे नियम सगळ्यांना सारखेच होते. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं आली, लांब लांब उभी राहिली आणि तशीच निघून गेली. पुण्याहून माझी आई आणि नागपूरहून तिचे आईवडील फोनच्या पडद्यावर होते. मध्येच पडदा गोठला. तो पुन्हा हलायला लागला तोवर सगळं आटोपलं होतं. परतताना मुलगी गाडीत मागे, तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. आई कुठे गेली असं तिने विचारलं नाही. "आता पुढे कोण बसणार?" एवढंच विचारलं.

ती तेव्हा सात वर्षांची होती. जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं आणि तेही आयरिश वळणाचं. इथे 'ग्रँड' हा शब्द सगळीकडे चालतो. ठीक आहे, बरं आहे, उत्तम आहे, आणि नको असलं तरी ग्रँड. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात तो फक्त 'नको'साठी उरला.

"वरणभात कालवू?"

"आयॅम ग्रँड, बाबा."

"मग पास्ता? चीज घालून?"

"आयॅम ग्रँड."

ती रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. शहाण्यासारखी टेबलाशी बसायची, ताटाकडे पाहायची आणि थोड्या वेळाने, उठू का, असं विचारायची. दूध प्यायची. टोस्टचा कोपरा कुरतडायची. शाळा सुरू झाली तेव्हा डबा जसाच्या तसा परत यायला लागला. गणवेशाची पँट कमरेत दुमडून पिन लावावी लागली. आमच्या डॉक्टरबाई समजूतदार होत्या. जबरदस्ती करू नका, म्हणाल्या, थांबू या. पण वजन आणखी उतरलं तर मुलांच्या हॉस्पिटलात ठेवावं लागेल, नळीने भरवावं लागेल. ते ऐकल्यापासून माझ्या दिवसात एकच प्रश्न राहिला. आज ती काय जेवली?

आईचा पुण्याहून रोज फोन यायचा.

"काय खाल्लं पोरीने?"

"अर्धी पोळी."

"आजची की कालचीच पुन्हा सांगतोयस?"

आईला खोटं सांगणं मला कधी जमलं नाही.

ओंगारमधल्या, म्हणजे आमच्या या आयरिश उपनगरातल्या, मराठी मंडळींनी सुरुवातीला खूप केलं. पाळीपाळीने डबे आले. दारात ठेवून, बेल वाजवून लोक मागे सरकायचे आणि मास्कमधून "काही लागलं तर सांग रे" म्हणायचे. फ्रीजमध्ये एका वेळी चार घरची आमटी असायची. हळूहळू डबे थांबले. त्यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. प्रत्येकाच्या घरात तेव्हा काही ना काही चाललंच होतं.

आमच्या मागच्या घरात एक म्हातारं जोडपं राहतं. त्यांची परसबाग आणि आमची परसबाग पाठीला पाठ लावून आहे, मध्ये लाकडी कुंपण. त्या वर्षीच्या हिवाळ्यातल्या वादळात त्यातल्या काही फळ्या उडाल्या. दुरुस्तीला माणूस बोलवायचं ठरेपर्यंत सगळं बंद झालं आणि तिथे एक खिंडार राहून गेलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून त्या खिंडारातून थेट त्यांचं टेबल दिसायचं.

आजोबा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. आजी उंच, हाडापेराने मोठी, कमी बोलणारी. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात बायकोने आलं-वेलची घालून चहा केला आणि दोन कप घेऊन त्यांच्या दारी गेली. आजींनी कप हातात घेतला, हात शेकले, वास घेतला, खूप आभार मानले आणि कप भरलेलाच परत दिला. बायको घरी आली ती तणतणत.

"आपल्या हातचं चालत नाही वाटतं यांना."

"अगं, असं काय. कुठल्या शतकात आहोत आपण?"

"शतक मला नको सांगूस. त्यांना जाऊन सांग."

पुढे कुंपणाशी आजोबांनीच खुलासा केला. ते दोघं मॉर्मन पंथाचे ख्रिश्चन. तरुणपणी दारावर आलेल्या अमेरिकन पोरांचं बोलणं ऐकून त्यांनी हा पंथ घेतला. दारू नाही, सिगरेट नाही, कॉफी नाही, चहाही नाही. "मी बिअरची पिंट सोडली ते माझ्या आईने माफ केलं," आजोबा म्हणाले. "चहा सोडला ते शेवटपर्यंत केलं नाही. तिला वाटलं, मी तिच्या चहाला नावं ठेवतोय." बायको कुंपणाला धरून हसली. त्यानंतर ती त्यांना लिंबाचं सरबत पाठवायची.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी त्या खिंडारात एक झाकलेलं पातेलं दिसलं. लीकची पात आणि बटाटा यांचं सूप, फडक्यात गुंडाळलेला सोडा ब्रेड आणि सफरचंदाचा टार्ट. आम्ही मांसाहार करत नाही हे आजींना आधीपासून ठाऊक होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी मी बाहेर होतो. मी म्हटलं, कशाला एवढा त्रास घेता, तुमचं दुपारचं जेवण आटोपून मग निवांत…

"आज आम्ही जेवत नाही," आजी म्हणाल्या. "महिन्याचा पहिला रविवार आमचा उपवासाचा. पण हाताला सवय आहे. पातेलं चुलीवर चढतंच. मग ते कुणाकडे तरी जायला हवं."

मी रात्री आईला हे सांगितलं.

"अगंबाई! गोऱ्यांच्यात उपवास?"

"असतो. महिन्याचा पहिला रविवार."

"त्यांना काय चालतं? वरी चालते का? रताळं?"

"काही खात नाही म्हणाल्या."

"काही खात नाही म्हणजे धान्य खात नसतील. मी एकादशीला काय म्हणते? काही खात नाही म्हणते. आणि तू बघतोयस, मी काय काय खाते ते. पुढच्या वेळी खिचडी करून दे. उपवासाचं ऋण उपवासाने फेडावं."

मलाही ते पटलं. मी वाचणारा माणूस आहे. उपवासाबद्दल संस्कृतात काय म्हटलंय, कोणत्या धर्मात तो कसा करतात, हे मी थोडंफार वाचलं होतं. पण लहानपणापासून ज्याची चव जिभेवर होती तो उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. संकष्टी ही आमच्या घरात वाट पाहायची गोष्ट होती. लग्नानंतर बायकोनेही ती चालू ठेवली. ओंगारमध्येही ती मोबाईलवर चंद्रोदयाची वेळ पाहायची, आणि ढगांमागचा चंद्र इथे महिनोन्‌महिने दिसत नाही म्हणून, "तो आहे, असं धरून चालू या" म्हणत जेवायला बसायची. तिने भरून ठेवलेला साबुदाण्याचा डबा प्रेसमध्ये होता. इथे भांड्यांच्या कपाटाला प्रेस म्हणतात. जूनपासून मी तो उघडला नव्हता.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी तो उघडला. आई पडद्यावरून देखरेख करत होती.

"पाणी किती घातलंस रे? साबुदाणे भिजवलेत का पोहायला सोडलेत?"

"तू म्हणालीस, बुडेपर्यंत."

"बुडेपर्यंत म्हणजे बुडून मरेपर्यंत नव्हे. ओत ते. चाळणीत काढ."

मुलगी दाण्याचं कूट करून देत होती. मिक्सरचं बटण दाबायचं काम तिच्या आईच्या वेळीही तिचंच असे. तुपात जिरं तडतडलं तेव्हा तिने मान वर केली. पण मी चमचा पुढे केला तर, "आयॅम ग्रँड."

अकराच्या सुमाराला आम्ही दोघं खिंडाराशी गेलो. खिचडीचे गोळे झाले होते, पण वास खरा होता. मी अभिमानाने सांगितलं, आज तुमचा उपवास म्हणून मुद्दाम केलंय, आमच्याकडे उपवासाला हेच खातात, गरम आहे तोवर घ्या. आजींनी भांडं दोन्ही हातांनी घेतलं. मग म्हणाल्या, "असं आमच्यासाठी कधी कुणी केलं नव्हतं." त्या भांडं छातीशी धरून आत गेल्या. मी खुशीत परतलो.

त्या दिवसांत पाचलाच अंधार पडायचा. मुलगी टेबलाशी शाळेचा अभ्यास करत होती. तिने मला हाक मारली. समोरच्या घरातला दिवा लागला होता. म्हातारा-म्हातारी टेबलाशी समोरासमोर बसून, डोळे मिटून, माना खाली घालून काही पुटपुटत होती. टेबलावर आमचं भांडं होतं, सकाळी होतं तसंच शिगोशीग भरलेलं. प्रार्थना झाल्यावर आजोबांनी आधी एक ग्लास पाणी घेतलं. घटाघटा नाही, अगदी हळू. मग आजींनी दोन ताटल्यांत खिचडी वाढली. गार झालेली साबुदाण्याची खिचडी कशी होते हे मराठी माणसाला सांगायला नको. ते दोघं ती चावत होते. बराच वेळ चावत होते.

"दे वेटेड," मुलगी म्हणाली. थांबले होते ते, दिवसभर.

मला तेव्हा कळलं की काही खात नाही म्हणजे खरोखरच काही खात नाहीत. पाणीसुद्धा नाही. आणि त्यांच्या निर्जळी दिवशी, सकाळी अकरा वाजता, मी तुपातली खिचडी नेऊन त्यांच्या नाकाखाली धरली होती आणि गरम गरम खा म्हणालो होतो. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी खिचडी नेल्याची वेळ पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, "बाई मोठ्या मनाची हो. मी असते तर तोंडावर सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याआल्या मुलगी दप्तरासकट खिंडाराशी गेली. मी मागोमाग. आजोबा बागेत पानं गोळा करत होते, आजी दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"तुम्हाला आवडलं नव्हतं का?" तिने सरळ विचारलं. "दिवसभर का नाही खाल्लं?"

"आवडलं नव्हतं?" आजोबा म्हणाले. "अगं, खाटकाच्या दुकानाबाहेर कुत्रं फिरतं ना, तसा मी दिवसभर त्या भांड्याभोवती फिरत होतो."

"दोनदा झाकण काढून वास घेतला याने," आजी म्हणाल्या. "मी पाहिलं नाही असं वाटतंय त्याला."

"तीनदा."

"मग खाल्लं का नाही?"

आजोबांनी फावड्यावर हात टेकले. त्यांनी सांगितलं ते असं. शनिवारी संध्याकाळी जेवायचं आणि मग रविवार संध्याकाळपर्यंत काही नाही. दोन जेवणं सोडायची. त्या दोन जेवणांना जे लागलं असतं ते, जमलं तर जास्तच, गरजूंसाठी चर्चकडे द्यायचं. त्यांचा बिशप आठवडाभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो, त्यासाठीच त्याला पगार मिळतो, बिशपपणाचा काही नाही. कुणाच्या घरात काय कमी आहे हे तो पाहतो आणि गवगवा न करता ते तिथे पोचवतो. साथीत प्रार्थनेची जागा बंद झाली तरी देणं थांबलं नव्हतं. "पण पैशाला वास नसतो," आजी म्हणाल्या. "म्हणून मी पातेलं चढवते."

"आणि उपवास कुणासाठी तरी करायचा असतो," आजोबा म्हणाले. "कुणाचं तरी नाव मनात धरून. नाहीतर ती नुसती उपासमार."

"मग तुम्ही कुणासाठी करता?"

आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असं त्या डोळ्यांनी विचारत होत्या. मला काय उत्तर येणार आहे ते माहीत नव्हतं. मी मान हलवली.

"सप्टेंबरपासून तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "तू जेवावंस म्हणून."

मुलीचा चेहरा लाल झाला. "मी सांगितलं नव्हतं तुम्हाला," ती म्हणाली आणि पळत घरात गेली. स्वयंपाकघराचं दार आपटलं.

मी माफी मागायला लागलो. आजींनी हातानेच थांबवलं. "रागावू दे. किती दिवसांनी रागावली?"

मी आठवून पाहिलं. जूनपासून पहिल्यांदाच.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सप्टेंबरपासून दर महिन्याला दोन म्हातारी माणसं, ज्यांच्याशी आमचा सरबतापुरता संबंध, माझ्या मुलीचं नाव घेऊन दिवसभर तहानलेली राहिली होती. आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. सूप आणि टार्ट ठेवून निघून जात होती. आमच्याकडेही उपवास होते, आजन्म पाहिलेले. पण शेजारच्या घरातलं मूल जेवावं म्हणून कुणी पाणी सोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिला एक हिशेब मिटवायचा होता.

"मी जेवले तर तुम्ही उपवास थांबवणार?"

"नाही," आजोबा म्हणाले. "मग आम्ही दुसऱ्या कुणासाठी करू. कुणी ना कुणी असतंच."

"पण भूक लागते ना?"

"लागते की. म्हणून तर." ते खाली वाकले, तिच्या उंचीवर आले, पण खिंडाराच्या त्यांच्या बाजूलाच राहिले. "पोरी, जेवलो की मी माणसांना विसरतो. तसा वाईट नाही मी, पण विसरतो. पोट रिकामं असलं की विसरता येत नाही. परवा दिवसभर माझ्या पोटात तूच गुरगुरत होतीस."

ती हसली. हसायचं नव्हतं तिला, तरी हसली. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "पुढच्या वेळी खिचडी संध्याकाळी आणू. गरम."

त्या वाक्यात तिने 'आम्ही' धरलं होतं. बोललो तर ते उडून जाईल अशी भीती वाटली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही अंधार पडायच्या वेळी खिचडी केली. या वेळी ती मोकळी झाली. मुलीने भांडं खिंडारात ठेवलं आणि परत येऊन टेबलाशी, खिडकीसमोर, मी वाढलेल्या ताटलीपुढे बसली. कुणाच्या घरात जायला तेव्हा बंदी होती. समोरचा दिवा लागला. त्यांनी माना खाली घातल्या. तिनेही घातली, एक डोळा उघडा ठेवून. आजोबांनी पाणी घेतलं आणि पहिला चमचा उचलून खिडकीकडे, आमच्या दिशेने धरला. वाट पाहत होते.

माझ्या मुलीने चमचा उचलला. त्यांनी तोंडात घातला तेव्हा तिनेही घातला. त्यांनी दुसरा घेतला, तिने दुसरा घेतला. मी ओट्याशी पाठमोरा उभा राहून भांडं घासत होतो. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. मागे चमचा ताटलीला लागल्याचा आवाज येत होता. जूनपासून मी तो आवाज ऐकला नव्हता. ताटली रिकामी झाली.

त्यानंतर सगळं झटकन सुधारलं असं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'ग्रँड' होतंच. पण जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि तिने एका दुपारी आपणहून विचारलं, "आजीला खिडकीत विचारू का, आज काय केलंय?" मग रोजच विचारणं सुरू झालं. समोर सूप असेल तर इथे सूप. समोर मटण असेल तर आजी पाटीवर खडूने बटाटा काढून दाखवायच्या. वसंतात डॉक्टरबाईंनी तिचं वजन पाहिलं आणि चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. हॉस्पिटलचा विषय त्यांनी काढला नाही.

याच काळात मी आजींकडून त्यांचा ग्रंथ मागून घेतला. त्यांनी कधी देऊ केला नव्हता. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या सवयीप्रमाणे सावकाश वाचला. त्यातलं पुष्कळसं मला पटलं नाही. समुद्र ओलांडून गेलेली माणसं, जमिनीत पुरलेले सोन्याचे पत्रे. परत करताना मी प्रामाणिकपणे तसं सांगितलं. आजी म्हणाल्या, "सगळा वाचलात? यानेसुद्धा सगळा वाचलेला नाही."

"वाचलाय," आजोबा आतून ओरडले.

"मधली लढायांची पानं?"

आत रेडिओचा आवाज मोठा झाला.

मग आजींनी एक गोष्ट सांगितली. त्यांना पहिली मुलगी झाली ती थोडे दिवस जगली. त्या काळात बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला दफनभूमीत जागा मिळण्याचीसुद्धा पंचाईत असायची, आणि अशा बाळाला देव भेटत नाही असं लोक सहज बोलून जायचे. पुढे दारावर आलेल्या त्या पोरांनी सांगितलं की मूल निष्पाप असतं, त्याला कशातून सोडवायची गरज नसते, आणि कुटुंब मरणाने तुटत नाही. तेवढ्यासाठी त्यांनी दार उघडं ठेवलं. नंतर समुद्र ओलांडून इंग्लंडमधल्या त्यांच्या मंदिरात जाऊन लग्न पुन्हा बांधून घेतलं, 'मरेपर्यंत' हा शब्द काढून. त्या गेलेल्या मुलीलाही त्यात बांधून घेतलं. "तिला मी वाढवणार आहे," आजी म्हणाल्या. "अजून वाढवायची राहिली आहे ती."

हे त्या कपड्यांच्या घड्या घालत सांगत होत्या. पुढच्या आठवड्यात बहीण येणार आहे, असं सांगावं तशा आवाजात. मला त्यांच्यासारखा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. पण जिच्या आवाजात एवढ्या वर्षांनीही ती मुलगी भूतकाळात गेलेली नाही, त्या बाईसमोर मी उभा होतो आणि डोक्यावर टोपी असती तर मी काढली असती. माझ्या बायकोबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. शेवटची घडी ठेवताना एवढंच म्हणाल्या, "तिचं सरबत मला प्यायचंय पुन्हा."

एप्रिलच्या अखेरीस पुण्यात आईला कोविड झाला. ती दुसरी लाट होती. माझ्या चुलतभावाने दिवसभर फिरून तिला खाट मिळवून दिली. ऑक्सिजन लावला. फोनवर ती बोलू शकत नव्हती, नुसती मान हलवायची. विमानं जवळजवळ बंद, आणि इथे मुलगी. मी जाऊ शकत नव्हतो.

शनिवारी मुलीने टेबलाशी जाहीर केलं, "उद्या पहिला रविवार आहे. मी पुण्याच्या आजीसाठी काही खाणार नाही. पाणीपण नाही."

जिला एक घास खाताना पाहायला मी वर्षभर देव पाण्यात ठेवले होते, ती आता पुण्य म्हणून उपाशी राहणार होती. नाही म्हटलं तर तिच्या आजीसाठी काही करण्याचा तिचा हक्क मी काढून घेत होतो. हो म्हटलं तर तो बंद झालेला दरवाजा मीच उघडत होतो. मी तिला म्हटलं, कुंपणाशी विचारू.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग तिला म्हणाल्या, "उपवास म्हणजे आपल्याला जे सोपं आहे ते देऊन टाकायचं. मला जेवणं सोपं आहे, म्हणून मी जेवण देते. तुला काय सोपं आहे?"

मुलीने खूप विचार केला. "न जेवणं," ती हळूच म्हणाली.

"मग तेच द्यायचं. उद्या तीन वेळा पूर्ण ताट. एकदाही ग्रँड म्हणायचं नाही. जमेल?"

"इट्स हार्ड," मुलगी म्हणाली.

"असणारच. तुझी आजी आहे ती."

त्या रविवारी मी आयुष्यातला पहिला निर्जळी उपवास केला. आईचं नाव मनात धरलं. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागलं, जीभ कोरडी पडली. आणि आजोबा म्हणाले होते ते खरं निघालं. मला क्षणभरही आईला विसरता आलं नाही. एरवी मी कामात, वाचनात तिला तासन्‌तास विसरलो असतो. मी सोडलेल्या दोन जेवणांचा स्वयंपाक केला होता, वरण, भात, कोबीची भाजी, पोळ्या. चार गल्ल्या सोडून एका घरात शिकायला आलेली मराठी मुलं राहत होती. साथीत त्यांची हॉटेलातली कामं गेली होती, त्यातल्या एकाचे वडील त्याच आठवड्यात नाशिकला वारले होते आणि तोही जाऊ शकला नव्हता. डबा मुलीने नेला. बेल वाजवून मागे सरकली. दार उघडलेल्या मुलाने झाकण उघडलं, वरणाचा वास घेतला आणि तिथेच उंबऱ्यात बसला. मुलगी त्याला म्हणाली, आणि या वेळी चक्क मराठीत, "गरम आहे तोवर खा."

ती स्वतः तीन वेळा जेवली. रात्रीच्या ताटाला खूप वेळ लागला. भाताचं शीत न्‌ शीत संपवलं. समोरच्या खिडकीत दोघं म्हातारी तिचं होईपर्यंत चमचे हातात धरून थांबली होती.

आई काही आठवड्यांनी घरी आली. आमच्या उपवासाने आली असं मी म्हणणार नाही. तिच्या इमारतीतली तीन माणसं आली नाहीत, आणि त्यांच्यासाठीही कुणीतरी कुठेतरी उपाशी राहिलं असणार. मी तिला सांगितलं तेव्हा तिचा आवाज अजून दम लागलेला होता.

"निर्जळी? तू? संकष्टीला सकाळी सातला खिचडी झाली का विचारणारा तू?"

"हो."

"आणि पोरगी?"

"ती तुझ्यासाठी तीनदा जेवली."

"तोच खरा उपवास," आई म्हणाली.

कुंपणाच्या फळ्या आम्ही अजून बसवलेल्या नाहीत. साबुदाण्याचा बायकोने भरलेला डबा त्या हिवाळ्यातच संपला. आता तो मी भरतो. पहिल्या रविवारी मी जेवत नाही. घरात आम्ही दोघं आहोत. मुलगी जेवते.